लांबलचक मेथड फोडण्यापूर्वी तिच्यातली व्हेरिएबल्स आवरावीत का?

धागाकर्ता : अर्धविराम

गेले तीन आठवडे मी एका जुन्या जावा प्रकल्पातल्या एकाच मेथडवर, म्हणजे नावाने हाक मारता येणाऱ्या कोडच्या तुकड्यावर, काम करत आहे. ही मेथड वर्गणीदारांची मासिक बिले काढते, ती ६१२ ओळींची आहे, आणि तिच्या डोक्यावर कोणा पूर्वसुरीने ‘कृपया हात लावू नये’ अशी टिप्पणी लिहून ठेवलेली आहे. मला दिलेले काम किरकोळ होते : सवलतीचा एक नवा प्रकार तीत बसवायचा. पण सवलतीचा हिशेब नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हेच दोन दिवस कळेना, म्हणून आधी मेथड फोडून तिच्या लहान मेथड कराव्यात आणि मग नवा प्रकार जोडावा असे ठरवले.

सगळे सांगतात त्याप्रमाणे मी साठेक ओळींचा एक सलग तुकडा निवडला आणि आयडीईला (कोड लिहिण्याच्या संपादकाला) ‘एक्स्ट्रॅक्ट मेथड’ करायला, म्हणजे तो तुकडा वेगळ्या मेथडमध्ये काढायला सांगितले. आयडीईने नकार दिला. त्या तुकड्यात तीन स्थानिक व्हेरिएबल्सची (मूल्य साठवणाऱ्या, मेथडपुरत्या नावांची) मूल्ये बदलत होती, तिन्ही पुढे वापरली जात होती, आणि जावातली मेथड परत देते ते एकच मूल्य. मग मी तुकडा लहान करून पाहिला. या वेळी आयडीई तयार झाला, पण जी नवी मेथड हातात आली तिला नऊ पॅरामीटर, म्हणजे बाहेरून पुरवायची मूल्ये, होते. अशी मेथड वाचणाऱ्याला ६१२ ओळी परवडल्या म्हणायची वेळ येते.

तेव्हा लक्षात आले की अडथळा ओळींच्या संख्येचा नव्हता, तर मेथडच्या माथ्यावर जाहीर केलेल्या आणि शेवटपर्यंत जिवंत राहणाऱ्या व्हेरिएबल्सचा होता. मी ती मोजली. एकूण ४७ निघाली. त्यांपैकी ११ आयडीईने राखाडी रंगात दाखवली होती, म्हणजे त्यांना मूल्य दिले जात होते पण ते कुठेही वाचले जात नव्हते. जावाचा मूळ कम्पायलर (कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्राम) अशा स्थानिक व्हेरिएबल्सबद्दल चकार शब्द काढत नाही, त्यामुळे ती वर्षानुवर्षे तशीच पडून राहिली असावीत.

या अकरांची कथा सविस्तर सांगतो, कारण माझा प्रश्न तिच्यातूनच निघाला आहे. सहा व्हेरिएबल्स निव्वळ उरलेली होती. कोणीतरी वापर काढला, जाहीर केलेली ओळ राहून गेली. ती मी डोळे झाकून काढली. चार व्हेरिएबल्सना एखाद्या मेथडचे उत्तर मिळत होते, आणि इथे मी घसरलो. त्यातल्या एका ओळीत नोंदवहीकडून पुढचा अनुक्रमांक मागून तो ‘सीक्वेन्स’ या व्हेरिएबलमध्ये ठेवला होता. व्हेरिएबल कुणी वाचत नाही असे पाहून मी सगळी ओळच पुसली. क्रमांक कुणाला नको होता हे खरे, पण तो मागितल्यामुळे नोंदवहीतला आकडा एकाने पुढे सरकत होता, आणि रात्री चालणारा दुसराच एक प्रोग्राम त्या आकड्यावर अवलंबून होता. चाचणीच्या सर्व्हरवर दुसऱ्या दिवशी दोन बिलांना एकच क्रमांक पडला. व्हेरिएबल निरुपयोगी होते. उजव्या बाजूची हाक निरुपयोगी नव्हती. आता मी अशा ओळीत फक्त डावी बाजू काढतो आणि उजवी बाजू आत शिरून वाचल्याशिवाय तिला हात लावत नाही.

अकरावे व्हेरिएबल होते ‘मॅक्सडिस्काउंट’. ग्राहकाच्या योजनेवरून सवलतीची कमाल मर्यादा काढून ती यात ठेवली होती आणि पुढे तिच्याकडे कुणी फिरकलेही नव्हते. खाली बिलातून वजा होत होती ती नुसती ‘डिस्काउंट’. हा कचरा म्हणायचा, की मर्यादा लावायची ओळ कधीतरी हरवली असे समजायचे? हे व्हेरिएबल मी अजून काढलेले नाही.

उरलेल्या ३६ व्हेरिएबल्समध्ये ‘टेम्प’ नावाचे एक होते, जे सुरुवातीला कराचा दर सांभाळत होते, मधे वापराचे दिवस आणि शेवटी पैसे पूर्णांकात आणतानाचा फरक. त्याची मी तीन वेगळ्या नावांची तीन व्हेरिएबल्स केली. ज्यांना एकदाच मूल्य मिळते त्यांना ‘फायनल’, म्हणजे पुन्हा बदलता न येणारे, केले. प्रत्येकाची जाहीर करण्याची ओळ पहिल्या वापराजवळ खाली आणली. एवढे झाल्यावर मेथडमध्ये पाच-सहा गट आपोआप दिसू लागले, आणि पूर्वी नऊ पॅरामीटर मागणारा तोच तुकडा दोन पॅरामीटरवर निघाला. तोपर्यंत मी एकही ओळ बाहेर काढलेली नव्हती.

दोन प्रश्न आहेत. व्हेरिएबल्सची आवराआवर आणि मेथड फोडणे हे एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (सहकाऱ्यांनी तपासून स्वीकारायच्या बदलांच्या गठ्ठ्यात) द्यावे की वेगळे? आणि ‘मॅक्सडिस्काउंट’चे काय करावे?

प्रतिसाद : टेस्टवाली

तुमच्या लेखात टेस्टचा उल्लेख शोधत शेवटपर्यंत आले आणि तो कुठेही सापडला नाही, म्हणून आधी तोच विषय काढते. बिलाच्या क्रमांकाची चूक तुम्हाला दुसऱ्या दिवशी सर्व्हरवर कळली, ती पाच मिनिटांत कळायला हवी होती.

अशा मेथडसाठी ‘बरोबर उत्तर काय असावे’ हे सांगणाऱ्या टेस्ट लिहिणे बहुधा अशक्य असते, कारण बरोबर काय हे सांगणारे कुणी उरलेले नसते. त्याऐवजी ‘आज उत्तर काय येते’ हे गोठवणाऱ्या टेस्ट लिहाव्यात. मायकेल फेदर्स यांनी २००४ मध्ये त्यांना ‘कॅरॅक्टरायझेशन टेस्ट’ म्हटले. जुन्या बिलांपैकी दोनशे-तीनशे निवडायची, ग्राहकांची ओळख पुसून त्यांची माहिती आत घालायची, बाहेर आलेला निकाल जशाच्या तसा फाइलमध्ये साठवायचा, आणि प्रत्येक लहान बदलानंतर तो ताडून पाहायचा. निकालात चूक दिसली तरी ती चूकही गोठवायची. आजची तारीख, यादृच्छिक संख्या आणि डेटाबेसने दिलेले क्रमांक यांना मात्र आधी बांधून ठेवावे लागते, नाहीतर प्रत्येक वेळी निकाल वेगळा येईल आणि तुम्ही फरकांकडे दुर्लक्ष करायला शिकाल.

आणखी एक : निकाल म्हणजे केवळ परत आलेले मूल्य नव्हे. मेथडने डेटाबेसमध्ये काय लिहिले, कुणाकुणाला हाक मारली, हेही नोंदवा. तुमचा अनुक्रमांक नेमका तिथेच सापडला असता.

प्रतिसाद : अर्धविराम

दोष मान्य आहे. टेस्ट मी त्या अपघातानंतर लिहिल्या, आधी लिहिल्या नव्हत्या. २४० बिलांचा संच केला आहे आणि तो साधारण दीड मिनिटात चालतो.

प्रतिसाद : पॉइंटर

मी सी, सी प्लस प्लस आणि अलीकडे रस्ट यांत काम करतो. तिथे ‘न वापरलेले’ हा शब्द जावापेक्षा बराच फसवा आहे, म्हणून तीन उदाहरणे देतो.

सी प्लस प्लसमध्ये लॉक घेण्यासाठी, म्हणजे एका वेळी एकानेच माहितीला हात लावावा म्हणून, ‘लॉक गार्ड’ प्रकारचे एक व्हेरिएबल जाहीर करतात. त्यानंतर त्याचे नाव पुन्हा कुठेच येत नाही. ब्लॉक संपला की त्याचा डिस्ट्रक्टर (शेवटची आवराआवर करणारा कोड) चालतो आणि लॉक सुटते. त्याचे सगळे काम अस्तित्वात असणे एवढेच. कम्पायलरला हे ठाऊक असल्याने तो अशा व्हेरिएबलबद्दल सहसा तक्रार करत नाही, पण साफसफाईच्या भरात असलेल्या माणसाला ते ठाऊक असेलच असे नाही. रस्टमध्ये हाच सापळा एका अक्षराचा आहे. नावाच्या सुरुवातीला अंडरस्कोअर दिला, तर कम्पायलर गप्प बसतो आणि मूल्य ब्लॉक संपेपर्यंत टिकते. पण नावाच्या जागी नुसता अंडरस्कोअर लिहिला, तर मूल्य कुठे बांधलेच जात नाही आणि लॉक त्याच ओळीवर सुटते. प्रमाणित ग्रंथालयातल्या लॉकपुरती ही चूक कम्पायलर आता अडवतो, पण तुम्ही स्वतः लिहिलेल्या गार्डला ते संरक्षण नाही.

दुसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. पासवर्ड वापरून झाल्यावर त्याची जागा शून्यांनी भरून टाकणारी ‘मेमसेट’ची ओळ अनेकांनी लिहिली असेल. त्यानंतर ती जागा कुणी वाचत नाही, म्हणून ऑप्टिमायझर (कम्पायलरचा कोड वेगवान करणारा भाग) ती ओळ निरुपयोगी ठरवून खुशाल गाळतो आणि पासवर्ड मेमरीत तसाच राहतो. हे टाळण्यासाठी सी भाषेच्या सी२३ या प्रमाणात ‘मेमसेट एक्सप्लिसिट’ हे वेगळे फंक्शन द्यावे लागले.

तिसरी गोष्ट खरे तर न वापरलेल्या व्हेरिएबलची नाही, पण साधनाने तक्रार केली म्हणून ओळ काढण्याची आहे. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाच्या ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या ग्रंथालयात, मेमरी तपासणारे साधन आरंभी मूल्य न दिलेल्या मेमरीबद्दल कुरकुर करते म्हणून दोन ओळी बाद करण्यात आल्या. त्यांतली एक ओळ यादृच्छिकतेचा सगळा साठा मिसळत होती. ती गेल्यावर उरला केवळ प्रोसेसचा क्रमांक, ज्याच्या शक्यता जेमतेम ३२,७६८. मे २००८ मध्ये हा प्रकार उघड होईपर्यंत तिथे तयार झालेल्या गुप्त किल्ल्या अंदाजाने काढता येण्याजोग्या होत्या. साधनाची तक्रार तांत्रिकदृष्ट्या चुकीची नव्हती.

प्रतिसाद : सरळरेषा

धागाकर्त्यांचे व्हेरिएबल्सबद्दलचे म्हणणे पटले, पण मेथड लांब आहे म्हणजे फोडलीच पाहिजे हे गृहीतक मला मान्य नाही.

लांबीची मर्यादा किती असावी यावर कोड तपासणाऱ्या साधनांचेच एकमत नाही. रुबीसाठीचा रुबोकॉप मुळात १० ओळींवर बोट ठेवतो, ईएसलिंटचा त्यासंबंधीचा नियम चालू केला तर तो ५० वर, आणि जावाचा चेकस्टाइल १५० वर. ज्या मोजमापात मर्यादा पंधरा पटींनी हलते ते मोजमाप फारसे काही सांगत नसावे. थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये मांडलेली सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी निदान कोडमधून जाणाऱ्या वेगवेगळ्या वाटा मोजते. त्यांनी सुचवलेली १० ची मर्यादा मला ओळींच्या मर्यादेपेक्षा अर्थपूर्ण वाटते. लिनक्स कर्नलच्या लेखनशैलीतही स्पष्ट म्हटले आहे की फंक्शनची लांबी त्याच्या गुंतागुंतीच्या व्यस्त प्रमाणात असावी, आणि एकामागून एक साध्या शक्यता हाताळणारे लांबलचक ‘स्विच’ चालू शकते.

वरून खाली सरळ वाचता येणाऱ्या दोनशे ओळी मला चालतात. त्यांचे वीस तुकडे करून प्रत्येकाला ‘प्रोसेसडेटा’, ‘हँडलरेस्ट’ अशी नावे दिली, तर वाचक वीस ठिकाणी उड्या मारतो आणि शेवटी मनातल्या मनात त्या दोनशे ओळी पुन्हा जोडतो. गेम प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी २००७ मध्ये सहकाऱ्यांना लिहिलेल्या टिपणात तर एकाच ठिकाणाहून बोलावली जाणारी फंक्शन्स मूळ जागीच लिहून काढण्याचा विचार मांडला होता, कारण मग कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने घडते ते समोर दिसते.

प्रतिसाद : अर्धविराम

सरळरेषा, तुमचा आक्षेप रास्त आहे, आणि ज्या तुकड्याला नेमके नाव सुचत नाही तो बाहेर काढू नये हे मी स्वतःही पाळतो. माझ्या मेथडमध्ये असे दोन तुकडे होते. ते मी आतच ठेवले आहेत.

मात्र कर्नलच्या ज्या लेखनशैलीचा आपण हवाला दिलात, तिच्यात लांबीबरोबर आणखी एक मोजमाप आहे : एका फंक्शनमध्ये पाच ते दहाच स्थानिक व्हेरिएबल्स असावीत, त्याहून अधिक झाली तर काहीतरी चुकते आहे असे समजावे. पायथॉनच्या पायलिंट या तपासणी साधनामध्येही अशीच मर्यादा असून ती १५ आहे. या दोन आकड्यांत पंधरा पटींचे अंतर नाही. वाचताना डोक्यात एका वेळी किती मूल्ये धरून ठेवायची हा प्रश्न भाषा बदलली तरी फारसा बदलत नाही, ओळींचा बदलतो. आपल्या सरळ दोनशे ओळी वाचता येतात त्या बहुधा एका वेळी तीन-चारच व्हेरिएबल्स जिवंत असतात म्हणून.

प्रतिसाद : घड्याळ

बिलांचे काम लाखो वेळा चालत असेल. इतक्या लहान मेथड केल्याने प्रत्येक हाकेचा खर्च वाढून वेग मंदावणार नाही का?

प्रतिसाद : पॉइंटर

जावात बहुधा उलटेच घडते. जावा चालवणाऱ्या हॉटस्पॉटचा जेआयटी कम्पायलर (प्रोग्राम चालू असतानाच कोड यंत्रभाषेत उतरवणारा) लहान मेथड हाक मारणाऱ्याच्या आतच ओतून टाकतो, म्हणजे हाकेचा खर्चच उरत नाही. याउलट ज्या मेथडचा बाइटकोड (जावाचा मधला, यंत्रभाषेपूर्वीचा कोड) ८,००० बाइटपेक्षा मोठा आहे, तिला तो मूळ सेटिंगमध्ये कम्पाइल करायलाच नकार देतो आणि ती कायम इंटरप्रिटरमध्ये, म्हणजे एकेक सूचना वाचत, रांगत राहते. ६१२ ओळींची मेथड या रेषेच्या कोणत्या बाजूला आहे ते ‘जावापी’ने पाहून घ्यावे. न वापरलेल्या व्हेरिएबल्समुळे मात्र वेगात फरक पडेल अशी आशा नको. ती काढायची ती वाचणाऱ्यासाठी.

प्रतिसाद : नवशिका

माझी शंका कदाचित बाळबोध असेल. न वापरलेली व्हेरिएबल्स इतकी त्रासदायक असतील, तर सगळ्या भाषांचे कम्पायलर त्यांना चूकच का ठरवत नाहीत? आणि न वापरलेला पॅरामीटरही तसाच काढावा का?

प्रतिसाद : टेस्टवाली

शंका बाळबोध नाही. गो भाषेत स्थानिक व्हेरिएबल जाहीर करून वापरले नाही तर प्रोग्राम कम्पाइलच होत नाही, आणि न वापरलेल्या इम्पोर्टचेही तसेच. पण याचा जाच डीबग करताना होतो : एक ओळ तात्पुरती बंद केली की तिच्यातले व्हेरिएबल अनाथ होते आणि कम्पायलर पुढे जाऊ देत नाही. सी शार्पने मधला मार्ग घेतला आहे. व्हेरिएबलला स्थिर मूल्य देऊन ते वापरले नाही तर कम्पायलर इशारा देतो. पण मूल्य एखाद्या मेथडच्या हाकेतून आलेले असेल तर गप्प राहतो, कारण ती हाक तिच्या परिणामासाठीही मारलेली असू शकते. धागाकर्त्यांच्या अनुक्रमांकाचीच ही गोष्ट.

पॅरामीटरचे म्हणाल तर गोदेखील न वापरलेला पॅरामीटर चालवून घेते, आणि त्याला कारण आहे. स्थानिक व्हेरिएबल मेथडच्या घरातले असते, पॅरामीटर हा बाहेरच्यांशी केलेला करार असतो. इंटरफेसने (अनेक क्लासनी पाळायच्या मेथडच्या आराखड्याने) दोन पॅरामीटर ठरवले असतील तर तुमच्या क्लासला एकच लागतो म्हणून दुसरा काढता येत नाही. मेथड प्रायव्हेट, म्हणजे फक्त त्याच क्लासला वापरता येणारी, असेल तर खुशाल काढावा. ज्या जागा रिकाम्या ठेवाव्याच लागतात, उदाहरणार्थ लॅम्डाचे (बिननावाच्या छोट्या फंक्शनचे) पॅरामीटर किंवा पकडलेले पण न वाचलेले एक्सेप्शन (चालताना उद्भवलेली चूक), त्यांच्यासाठी जावा २२ पासून नावाऐवजी नुसता अंडरस्कोअर लिहिता येतो. वर्षानुवर्षे ‘इग्नोर्ड’, ‘अनयूज्ड’ अशी नावे देत आलेल्यांची यामुळे चांगली सोय झाली.

क्लासच्या फील्डबाबत अधिक जपून राहावे. आयडीईला ते राखाडी दिसले, तरी जेसन वाचणारे किंवा डेटाबेसशी जोडणारे ग्रंथालय त्याला रिफ्लेक्शनने, म्हणजे प्रोग्राम चालू असताना नावावरून शोधून, हात घालत असू शकते, आणि तो वापर कोडमध्ये शोधून दिसत नाही.

प्रतिसाद : सरळरेषा

मूळ दोन प्रश्न बाजूलाच राहिले आहेत. पहिल्याचे उत्तर रिव्ह्यू करणारा म्हणून देतो : वेगळे द्या. व्हेरिएबल्स काढण्याचा आणि हलवण्याचा कमिट (नोंदवलेला बदल) मी दहा मिनिटांत वाचू शकतो, कारण प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा असतो. त्यात मेथड फोडणे मिसळले की डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडच्या फरकात) सगळे लाल-हिरवे होते आणि हलवताना एखादी अट उलटली असेल तर ती दिसत नाही.

दुसऱ्याचे उत्तर रिफॅक्टरिंगच्या, म्हणजे कोडची रचना सुधारण्याच्या, व्याख्येतच आहे. विल्यम ओपडाइक यांच्या १९९२ च्या प्रबंधापासून या शब्दाची अट एकच आहे : बाहेरून दिसणारी वर्तणूक बदलता कामा नये. मर्यादा लावली तर लोकांच्या बिलांचे आकडे बदलतील, म्हणजे ते रिफॅक्टरिंग नव्हे. व्हेरिएबल पुसले तर आकडे बदलणार नाहीत, पण तिथे काहीतरी हरवले होते याचा एकमेव पुरावा जाईल. माझ्या मते आत्ता ते तसेच ठेवावे आणि आधी इतिहास पाहावा. कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटच्या ‘लॉग’ला मोठ्या ‘एस’चा पर्याय देऊन ‘मॅक्सडिस्काउंट’ शोधल्यास ज्या ज्या कमिटमध्ये त्या नावाची संख्या बदलली ते सगळे समोर येतात.

प्रतिसाद : अर्धविराम

सगळ्यांचे आभार. सुचवल्याप्रमाणे शोध घेतला, त्याचा निकाल कळवतो, कारण त्यात एक अडचण आली जी इतरांनाही येऊ शकते.

पहिल्या शोधात दोनच कमिट दिसले : एकात व्हेरिएबल जाहीर झाले होते, दुसऱ्यात मर्यादा लावणारी ओळ आली होती. ती ओळ काढणारा कमिट कुठेच नव्हता, आणि ओळ तर आजच्या कोडमध्ये नाही. अर्धा दिवस गेल्यावर उलगडले की ‘लॉग’ मर्ज (दोन शाखा एकत्र करणाऱ्या) कमिटमधले फरक आपणहून तपासतच नाही. त्यासाठी लहान ‘एम’चा पर्याय जोडावा लागतो. तो जोडताच मर्ज सापडला. दोन शाखांनी सवलतीच्या त्याच चार ओळी बदलल्या होत्या, संघर्ष सोडवताना कुणीतरी एका बाजूचा मजकूर अख्खा ठेवला आणि दुसऱ्या बाजूबरोबर मर्यादेची ओळही गेली. कोड कम्पाइल होत राहिला, कारण जाहीर केलेली ओळ संघर्षाच्या बाहेर, तीनशे ओळी वर होती. ती वापराजवळ असती तर तीही त्याच संघर्षात अडकली असती आणि कुणाच्या तरी डोळ्यांना खुपली असती.

हिशेब पाहणाऱ्या विभागाला विचारले. मर्यादा रद्द करण्याचा निर्णय कधीच झालेला नव्हता. व्हेरिएबल्सचा कमिट काल मर्ज झाला, त्यात ‘मॅक्सडिस्काउंट’ मुद्दाम राखाडीच ठेवले असून शेजारी तिकिटाचा क्रमांक लिहिला आहे. मेथड फोडण्याचा कमिट आज रिव्ह्यूला दिला. मुख्य मेथड ४१ ओळींची झाली आहे आणि ‘हात लावू नये’ ही टिप्पणी त्यातच गेली. मर्यादेची दुरुस्ती तिसऱ्या कमिटमध्ये जाईल. टेस्टवाली, आपल्या पद्धतीने गोठवलेल्या २४० निकालांपैकी ७ त्या दिवशी बदलतील; ती सातही बिले मी आजच हाताने हिशेब करून बाजूला काढून ठेवली आहेत.